जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या गाड्या सांभाळणारी मंडळी वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत. पाऊस सरला, हवा जरा कोरडी झाली की शनिवार-रविवार गाठून ती एकत्र जमतात. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी सोसायटीच्या आवारात किंवा गॅरेजपाशी गप्पा, रविवारी पहाटे गाड्या काढून एक फेरी आणि नंतर नाश्ता, असा साधारण बेत असतो. होळीनंतर ऊन तापायला लागलं की हे कमी होतं आणि जून ते सप्टेंबर जवळपास बंदच. ओल्या ड्रम ब्रेकवर आणि त्या काळच्या वायपरवर भरवसा ठेवून घोडबंदर रोडला उतरणारा शहाणा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आपल्याकडे जुनी गाडी नाही, मग जायचं कसं, ही शंका काढून टाका. असे मेळावे माणसांवर चालतात आणि नव्या माणसाला कुणी हाकलत नाही. फक्त वेळेआधी पोचा आणि शेवटची गाडी निघेपर्यंत थांबा. बहुतेक नवखे लोक नऊ-साडेनऊला येतात, रांगेत लावलेल्या चकचकीत गाड्यांचे फोटो काढतात आणि घरी जातात. उभी गाडी बघून कळतं ते रंगाबद्दल. ती थंड इंजिनावर सुरू कशी होते, गरम झाल्यावर रुसते का, धूर कुठल्या रंगाचा, गिअर पडताना मालक काय करतो, हे येताना आणि जातानाच दिसतं. जुनी माणसं गाडीला मान देतात तो ती चालत आली म्हणून. टेम्पोवर चढवून आणलेल्या आरशासारख्या गाडीपेक्षा डोंबिवलीहून स्वतःच्या चाकांवर आलेल्या मळकट फियाटभोवती जास्त माणसं जमतात, हे तुम्हीच बघाल.

कुठल्या मेळाव्याला जायचं

मोठ्या संस्थांचे कार्यक्रम वेगळे आणि छोट्या गटांचे वेगळे. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, १९१९ साली सुरू झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे. मोठ्या रॅलीत परीक्षक, बक्षिसं, दोरखंड, गर्दी असं सगळं असतं. बघायला छान, पण शिकायला कमी, कारण मालक त्या दिवशी घाईत असतो. पहिल्यांदा जायचं तर पंधरा-वीस गाड्यांचा स्थानिक मेळावा निवडा. एकाच जातीच्या गाड्यांचे गटही असतात: फक्त फियाटवाले, फक्त जीपवाले, फक्त बीटलवाले. त्यांच्यात गेलात तर बोलणं पहिल्या पाच मिनिटांत कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जेटपर्यंत पोचतं, तेव्हा अगदी नवख्याने मिश्र गटापासून सुरुवात केलेली बरी.

कोणती गाडी कुठल्या खान्यात बसते, हे थोडं माहीत असू द्या. इंग्रजी परंपरेत १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या विंटेज. फिवा ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ३० वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत २०२१ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेलं खासगी वाहन विंटेज धरतात. म्हणजे तुमच्या आत्याची १९८० च्या दशकातली मारुती ८०० फिवाच्या हिशेबात वयाने बसते, आपल्या नियमांत बसत नाही. पण मेळाव्यात तिला जागा मिळते, आणि हल्ली तिशीतली मुलं हीच गाडी घेऊन येतात. त्यांना हसू नका. ७९६ सीसीची ती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि तिने फियाट-ॲम्बॅसॅडरचा बाजार उठवला. आता ती त्यांच्याच शेजारी उभी राहते.

कुठून, किती वाजता

रविवारची फेरी सहा-साडेसहाला सुटते. कारण सरळ आहे: आठनंतर माजिवडा, कापूरबावडी, तीन हात नाका इथली वाहतूक जुन्या रेडिएटरला सोसत नाही. ठाण्याहून निघणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता कळवा, विटावा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. सकाळी तो मोकळा मिळतो. वाशीनंतर पाम बीच मार्ग, सुमारे १० किलोमीटरचा सरळ पट्टा, त्यामुळे बहुतेकांना तिथेच जायचं असतं. तिथे वेगावर कॅमेऱ्याची नजर असते आणि सकाळी सायकलवालेही असतात. क्लबवाले ५० च्या आसपास चालवतात, तेवढंच चालवा. घोडबंदरकडे जायचं ठरलं तर गायमुखच्या चढणीवर ट्रकच्या मागे अडकायची तयारी ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेशद्वारांवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यामुळे मुलुंड-ऐरोलीकडून येणाऱ्या जुन्या गाड्यांचं रांगेत क्लच जाळणं तेवढं वाचलं.

तुम्ही प्रेक्षक म्हणून जाणार असाल तर लोकलने जा आणि स्टेशनवरून रिक्षा करा. आपली नवी एसयूव्ही फेरीच्या मध्ये घुसवली की मागच्या जुन्या गाडीला तुमच्या ब्रेकवर अवलंबून राहावं लागतं. तुम्ही थांबता तेवढ्या अंतरात ती थांबत नाही. कुणाच्या मागच्या सीटवर जागा मिळाली तर ती सोडू नका. मात्र पट्ट्याशिवायच्या गाडीत लहान मुलाला पुढे बसवू नका, मालक कितीही प्रेमाने म्हणाला तरी.

नाश्त्याची जागा बहुधा ठरलेली असते. ठाण्यात मामलेदारची मिसळ कितीही आवडीची असली तरी स्टेशनजवळच्या त्या गल्ल्यांत दहा जुन्या गाड्या लावायला जागा नाही, त्यामुळे हुशार गट मोकळ्या रस्त्यावरचं हॉटेल बघतात. पैसे प्रत्येकाचे वेगळे. पहिल्याच दिवशी सगळ्यांचं बिल भरायचा उमाळा आला तरी आवरा, उगाच संकोच होतो.

हात मागे बांधून फिरा

हा सगळ्यात महत्त्वाचा शिष्टाचार. जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा ड्यूकोचा जुना रंग असतो. तो मऊ असतो आणि पुन्हा तसाच जुळवणं रंगाऱ्याच्याही जिवावर येतं. त्यावर साचलेल्या धुळीवरून कुणी प्रेमाने बोट फिरवलं तरी बारीक चरे उठतात. गाडीला टेकून फोटो काढताना पट्ट्याचं बक्कल, पाठीवरच्या सॅकची चेन, खांद्यावरच्या पर्सची साखळी घासते. मुद्दाम कुणी करत नाही, पण ओरखडा राहतोच. सॅक पुढे घ्या, किल्ल्यांचा जुडगा खिशात ठेवा, मुलांचा हात धरा.

दार मालकानेच उघडावं. आत बसायला बोलावलं तर दार ओढून आपटू नका. त्या दारांना नव्या गाडीसारखं जोरात लावायची गरज नसते, हलक्या हाताने दाबलं की बसतं. स्टिअरिंग उगाच फिरवू नका, उभ्या गाडीचं तर अजिबातच नाही. हॉर्न वाजवायची हौस घरी ठेवून या. फोटो काढण्याआधी विचारा आणि कुठे टाकणार असाल तर नंबर प्लेट झाकावी का, हेही विचारून घ्या. काही मालकांना चालतं, काहींना आपली गाडी कुठे उभी असते हे चारचौघांना कळलेलं आवडत नाही.

काय विचारायचं

प्रत्येक मालकाने हजारदा ऐकलेले तीन प्रश्न आहेत: कितीला घेतली, विकणार का, ॲव्हरेज किती देते. हे विचारलेत की तो हसून एका शब्दात उत्तर देईल आणि बोलणं तिथेच संपेल. त्याऐवजी गाडी कुणाकडून आली ते विचारा. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचा पहिला मालक, मधली वर्षं कुठल्या शेडमध्ये गेली, कुणी तिला पुन्हा उभी केली, हे सांगताना माणूस थांबत नाही. ‘पारशी बावाची गाडी आहे’ हे वाक्य मुंबई-ठाण्यात तुम्ही इतक्यांदा ऐकाल, की तेवढ्या पारशी मंडळींकडे गाड्या होत्या तरी का, असा प्रश्न पडेल. तरी मान डोलवा.

दुसरा चांगला प्रश्न: सुटे भाग कुठून आणता? इथे वही काढा. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, अमुक गल्लीतला रबरवाला, तमुक लेथवाला अशी माहिती मिळते, आणि ती अशा गप्पांतच मिळते. फियाटवाल्यांचं बरं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यालाच होता. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनली, तीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे १०८९ सीसीच्या त्या इंजिनाची नस ओळखणारे मिस्त्री अजून सापडतात. स्टँडर्ड हेराल्ड किंवा डॉज किंग्सवेवाल्याला हाच प्रश्न विचारा, चेहरा बघा.

वयस्कर मंडळींना ‘काका’ म्हटलं की चालतं, मिस्त्रींना ‘उस्ताद’. मिस्त्री आलेले असतील तर त्यांच्याजवळच उभे राहा. मालक गाडीचा इतिहास सांगतो, उस्ताद तिचा आजार सांगतात.

बॉनेट उघडलं की जवळ सरका

कुणाची तरी गाडी बंद पडतेच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट खरा वर्ग तिथेच भरतो. घणसोलीच्या सिग्नलला एक फियाट अशीच थांबली होती. मार्चचं ऊन, मागे रिक्षांचे हॉर्न. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. आम्ही धक्का मारायला सरसावलो तर मालक काका म्हणाले, “अरे थांबा, दम खाऊ दे तिला.” बॉनेट उघडून त्यांनी डिकीतला नॅपकिन बाटलीच्या पाण्यात भिजवला, पिळला आणि इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला. त्यातून वाफ निघाली. काका शांतपणे सुपारी कातरत उभे. नॅपकिन गरम झाला तसा काढून पुन्हा भिजवला. दहा-बारा मिनिटांनी सेल्फ मारला, दोनदा खोकून इंजिन लागलं.

झालं होतं काय, तर इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ झाली होती. हा पंप द्रव ढकलायला बनलेला, वाफ त्याला पुढे रेटता येत नाही, मग कार्बोरेटर कोरडा पडतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. यात घाई करून सेल्फ मारत राहिलं की बॅटरीही जाते आणि मग खरंच धक्का मारावा लागतो.

धक्क्याचीही रीत असते. डिकीच्या पातळ पत्र्यावर किंवा मागच्या दिव्यांवर हात ठेवून ढकललं की पोचा पडतो. पंजे पसरून खांबावर ठेवा, म्हणजे दार आणि काच यांच्या मधल्या जाड भागावर. ओढायची वेळ आली तर दोर बंपरला बांधू नका, खालच्या हुकाला किंवा मालक सांगेल तिथे बांधा. बंपर हातात येतो, अक्षरशः. आणि रेडिएटर गरम असताना त्याचं झाकण उघडायला कुणी पुढे सरसावला तर त्याला मागे ओढा. अर्धा तास थांबायचं, मग जाड कापड ठेवून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं, सुस्कारा संपला की पुढे.

स्वतःची गाडी नेणार असाल तर

आदल्या शनिवारी नाही, आठवडाभर आधी सुरुवात करा, म्हणजे काही निघालं तर मिस्त्रीला वेळ मिळतो. पॉलिश शेवटी. आधी टायर बघा. नक्षी भरपूर असली तरी रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत आणि मालकाला वाटतं नवेच आहेत. बारीक भेगा दिसल्या तर बदला.

मग पेट्रोलच्या रबरी नळ्या. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला आणि कॉर्कच्या गॅस्केटला ते पचत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, गळायला लागतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी असेल तर ते पाणी टाकीच्या तळाशी उतरतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्या बसवा, क्लिप ताज्या घाला आणि गाडी पंधरवड्यातून एकदा तरी फिरवा. एक-दोन किलोचं अग्निशामक सीटखाली ठेवा. डिकीत नको, आग लागल्यावर सामान उपसत बसायला वेळ नसतो. या बाबतीत मी हट्टी आहे: अग्निशामक नसलेल्या गाडीला फेरीत घेऊच नये.

सोबत फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट, कंडेन्सर (हे तिन्ही इंजिनातल्या ठिणगीसाठी लागणारे भाग), रेडिएटरची वरची नळी, फ्यूज, इन्शुलेशन टेप, ओढायचा दोर आणि पाच लिटर पाणी. कंडेन्सर जुना पण चालू स्थितीतला असेल तर तोही जपा. नवा म्हणून बाजारात मिळणारा कधीकधी पहिल्याच दिवशी दगा देतो. चादर किंवा जुनी सतरंजी टाका, गाडीखाली शिरायला लागते.

गाडी चालवताना अंतर ठेवा. पद्मिनीसारख्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर सतत दाबत राहिलं तर ते तापतात आणि पकड सुटते. पुलावरून किंवा घाटातून उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. फेरीत आपल्या मागची गाडी आरशात दिसत राहील एवढा वेग ठेवायचा. दिसेनाशी झाली तर कडेला घेऊन थांबायचं, पुढच्यांना फोन करायचा.

कागद

आरसी, विमा, पीयूसी. जुन्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच असते, मेळाव्याच्या आदल्या दिवशी संपल्याचं कळतं ते नेहमी रात्री. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. १९८९ आधीची तीन अक्षरी नंबराची जुनी प्लेट मात्र फेकू नका, घरी जपून ठेवा.

गाडी ५० वर्षांची असेल तर ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००, मुदत १० वर्षं. पण ती घेण्याआधी विचार करा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. संध्याकाळी सहज तलावपाळीला चक्कर मारायची हौस असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

आणि गाडी घ्यावीशी वाटली तर

वाटणारच. दुसऱ्या-तिसऱ्या मेळाव्यानंतर कुणीतरी कानात सांगतं, “अमक्याकडे एक पडून आहे, स्वस्तात जाईल.” जा बघायला, पण गटातला एक अनुभवी माणूस सोबत न्या आणि कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ आणि पायाखालचा पत्रा तपासा. चुंबक चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. इंजिन दुरुस्त होतं, ब्रेक नवे बसतात, पण खाडीच्या हवेत सडलेली बॉडी पैसे गिळते. त्यानंतर चासीवरचा ठोकलेला नंबर आरसीशी अंकागणिक जुळवा. आरसी ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर. ‘पेपर होऊन जातील’ असं म्हणणाऱ्याला सांगा, आधी होऊ द्या, मग येतो.

आणि गाडी ठेवणार कुठे, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून घ्या. वर छप्पर नसेल तर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. त्याखाली दमट हवा कोंडते आणि पत्रा आणखी लवकर गंजतो. हवा खेळेल असं सुती कव्हर शिवून मिळतं, कुठे ते रविवारी नाश्त्याला विचारा.